काडी, दोरा, ब्रश: दातांमधल्या फटीची पार्श्वभूमी

'दात कोरून पोट भरत नाही' ही म्हण चिक्कूपणाला उद्देशून आहे, पण तिच्यात आपल्या एका सवयीची नोंदही आहे. जेवणानंतर दातात अडकलेलं काढून टाकलं की दोन दातांमधली सफाई झाली, असं आपण पिढ्यानपिढ्या धरून चाललो. कोरणं म्हणजे टोकदार वस्तूनं खणणं. फटीच्या सफाईचा जवळजवळ सगळा इतिहास या कोरण्याचा आहे. पुसण्याचा इतिहास जेमतेम दोनशे वर्षांचा, आणि पुसायचं नेमकं काय हे पुराव्यानिशी कळून साठेक वर्षंच झाली. औषधाच्या दुकानात टूथपिक, फ्लॉस म्हणजे दातांमधून फिरवायचा दोरा, बाटली घासायच्या ब्रशसारखे चिमुकले ब्रश आणि पाण्याचा फवारा मारणारं यंत्र एकाच फळीवर दिसतात, पण ती वेगवेगळ्या काळात वेगवेगळ्या कामांसाठी जन्मलेली आहेत.

कोरण्याची सुरुवात माणसाच्याही आधीची. जॉर्जियातल्या दमानिसी इथे सापडलेल्या सुमारे १८ लाख वर्षांपूर्वीच्या जबड्यावर आणि क्रोएशियातल्या क्रापिना इथल्या सुमारे १ लाख ३० हजार वर्षांपूर्वीच्या निअँडरथल (माणसाची नामशेष झालेली भाऊबंद जात) दातांवर, दाताच्या मानेशी, हिरडीजवळ, बारीक आडव्या खाचा आहेत. कडक काडी त्याच जागी पुन्हा पुन्हा फिरवल्याच्या त्या खुणा. आजही कायम टूथपिक तोंडात ठेवणाऱ्यांच्या दातांना नेमकी तिथेच खाच पडते. मेसोपोटेमियातल्या ऊर शहरात एका कडीत अडकवलेले धातूचे छोटे संच सापडले: चिमटा, कानकोरणं, टोकदार काडी. आपल्याकडे किल्ल्यांच्या जुडग्यात लटकणारं पितळी किंवा चांदीचं दातकोरणं-कानकोरणं हे त्याच घराण्यातलं.

भारतीय वैद्यकात भर दातवणावर होता. सुश्रुतानं दिलेलं माप बारा अंगुळं लांब, करंगळीएवढं जाड, सरळ, गाठ आणि कीड नसलेलं. चरकानं टोक चेचून, दिवसातून दोनदा, हिरड्यांना इजा न करता वापरायला सांगितलं. हे शेवटचं कलम नंतरच्या पुष्कळ साधनांना लागू करण्यासारखं होतं. चेचलेल्या कडुनिंबाच्या किंवा करंजाच्या काडीचे तंतू दातांची बाहेरची बाजू चांगली घासतात, पण दोन दात जिथे एकमेकांना टेकतात त्याच्या खाली ते पोचत नाहीत. राखुंडीचंही तेच. बोटानं लावलेली पूड फटीत शिरत नाही. उलट तिचे खरखरीत कण दाताच्या मानेवरच घासले जातात. मशेरीत तर त्यावर तंबाखूची भर. म्हणजे घासण्याची परंपरा आपल्याकडे सशक्त होती, पण फटीच्या वाट्याला आलं ते दातकोरणं, आणि ते नसेल तेव्हा खराट्याची काडी, आगपेटीची काडी किंवा सेफ्टी पिन.

कारखान्यातल्या टूथपिकची गोष्ट व्यापाराची आहे. पोर्तुगालमध्ये मठांमधून हातानं लाकडी काड्या तासून विकल्या जात. बोस्टनच्या चार्ल्स फॉर्स्टरनं ब्राझीलमध्ये अशा हातच्या काड्या पाहिल्या आणि १८६० च्या दशकात त्या यंत्रावर काढायचं ठरवलं. अमेरिकेतल्या मेन राज्यातला पांढरा बर्च त्यासाठी सोयीचा पडला आणि तिथलं स्ट्राँग नावाचं गाव टूथपिकचं गाव म्हणून ओळखलं जाऊ लागलं. मागणी निर्माण करायला त्यानं कॉलेजच्या पोरांना फुकट जेवण देऊन हॉटेलात 'टूथपिक कशी नाही?' असा आरडाओरडा करायला लावलं, असं सांगतात. खरंखोटं सोडा. जेवणाच्या टेबलावर टूथपिक ठेवायची रीत आरोग्यखात्यानं पाडलेली नाही, एवढं त्यातून कळतं.

दोऱ्याची सुरुवात मात्र दंतवैद्यकातली. न्यू ऑर्लिन्समध्ये काम करणाऱ्या लेव्ही स्पिअर पार्मली यांनी १८१९ च्या आपल्या पुस्तकात मेण लावलेला रेशमी धागा दातांमधून फिरवायला सांगितलं. रोग सूक्ष्मजंतूंमुळे होतात हा सिद्धांत तेव्हा पुढच्या काळात होता; तरी दात बाहेरून जितके किडतात त्याहून अधिक एकमेकांना चिकटलेल्या बाजूंनी किडतात, हे डोळ्यांना दिसतच होतं. १८८२ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या कॉडमन अँड शर्टलेफ कंपनीनं बिनमेणाचा रेशमी दोरा विकायला काढला. १८९८ मध्ये जॉन्सन अँड जॉन्सननं पेटंट घेतलं. शस्त्रक्रियेत टाके घालायला ती कंपनी जे रेशीम वापरत होती, तेच इथे कामी आलं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रेशीम दुर्मीळ झालं आणि नायलॉन आलं. नायलॉनच्या दोऱ्याचा पाठपुरावा केला चार्ल्स बास यांनी. ते दंतवैद्य नव्हते, डॉक्टर होते, टुलेन विद्यापीठात वैद्यकशाखेचे अधिष्ठाता होते. निवृत्तीनंतर स्वतःच्या दातांवरचा थर सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून ते बसले. ब्रशचे तंतू हिरडीच्या कडेशी ४५ अंशांत धरण्याची जी पद्धत आज दंतवैद्य शिकवतात, ती त्यांच्याच नावानं ओळखली जाते.

इथवर साधनं आली, पण ती का हवीत याचा प्रयोग झाला नव्हता. तो १९६५ मध्ये डेन्मार्कमधल्या ऑर्हूस इथे हाराल्ड लो आणि सहकाऱ्यांनी केला. निरोगी हिरड्यांच्या १२ जणांनी दात स्वच्छ करणं पूर्ण बंद केलं. १० ते २१ दिवसांत प्रत्येकाच्या हिरड्यांना सूज आली. सफाई पुन्हा सुरू केल्यावर आठवड्याभरात त्या पूर्ववत झाल्या. दोषी अडकलेला घास नव्हता; दातावर रोज नव्यानं बसणारा, नखानं खरवडला तर पांढुरका चिकट निघणारा जंतूंचा थर होता. हाच थर राहिला की लाळेतल्या क्षारांनी घट्ट होऊन त्याचं कीटण होतं, आणि कीटण घरच्या कुठल्याही साधनानं निघत नाही. म्हणजे काम बदललं. कण उकरणं हे टोकाचं काम. थर पुसायला दाताच्या पूर्ण बाजूला टेकणारी वस्तू लागते. गोल टूथपिक फटीत गेली तर दोन्ही दातांना एकेका रेषेतच टेकते.

त्याच वर्षी स्वीडनमधल्या माल्मो इथे हेनिंग एकलुंड या लाकडी कोरीवकाम करणाऱ्या कारागिरानं तिथल्या दंतवैद्यक महाविद्यालयाच्या साथीनं त्रिकोणी छेदाची दातकाडी बनवली. फटीचा आकारच तळाशी रुंद त्रिकोण, म्हणून काडीही त्रिकोणी. तिची सपाट बाजू हिरडीकडे ठेवायची आणि लाळेत भिजवून आधी मऊ करायची. या कारागिराची टेपे कंपनी पुढे फटीतल्या ब्रशसाठी जगभर गेली. स्वीडनमध्येच कार्लस्टाड इथे १९७२ मध्ये ५५५ जणांपासून एक निरीक्षण सुरू झालं. त्यांतल्या ३७५ जणांना फटीतल्या सफाईसह नीट शिकवून नियमित बोलावलं जात होतं, आणि ३० वर्षांनी त्यांच्यात वयोगटानुसार माणशी सरासरी ०.४ ते १.८ एवढेच दात गेले होते.

पाण्याचा फवारा १९६२ मध्ये कोलोरॅडोतल्या फोर्ट कॉलिन्समध्ये जन्मला. जेराल्ड मॉयर हे दंतवैद्य आणि जॉन मॅटिंग्ली हे जलशास्त्राचे अभियंता. धडधडणारी धार सैल कण आणि हिरडीच्या कडेचा मऊ मळ धुऊन टाकते. तारा लावलेल्यांना, ब्रिज (शेजारच्या दातांवर टेकवलेला कृत्रिम दात) किंवा इम्प्लांट (हाडात बसवलेला कृत्रिम दात) असलेल्यांना आणि बोटं आखडलेल्या वृद्धांना ती खरोखर सोयीची. पण दाताला घट्ट बसलेला थर घासून काढण्याची बरोबरी ती करत नाही. सुरुवात कमीत कमी दाबावर, कोमट पाण्यानं करावी, ओठ किंचित मिटून, बेसिनवर वाकून. नाहीतर आरसा धुतला जातो.

आता निवडीकडे. निवड साधनाच्या किमतीवरून नव्हे, फटीवरून होते. तरुण, निरोगी तोंडात दोन दातांमधला त्रिकोण हिरडीच्या टोकानं पूर्ण भरलेला असतो. तिथे फटीतला चिमुकला ब्रश घुसवला तर हिरडी दुखावते, म्हणून दोरा. वय, कीटण, हिरडीचा आजार यांनी ते टोक खाली सरकलं की त्रिकोण रिकामा होतो आणि तिथे दोरा तोकडा पडतो. कारण मुळाच्या बाजू सपाट नसतात. वरच्या पहिल्या उपदाढेच्या (सुळ्यामागच्या दाताच्या) पुढच्या बाजूला एक उभी पन्हळ असते. ताणलेला दोरा तिच्या दोन्ही काठांवर टेकून पुलासारखा वरून निघून जातो, थर पन्हळीत तसाच. ब्रशचे तंतू मात्र आत उतरतात. युरोपातल्या हिरडीतज्ज्ञांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शिफारशीत म्हणूनच ब्रशला पहिला क्रम दिला आणि दोरा ब्रश इजेशिवाय जात नाही त्या जागांपुरता ठेवला.

पुढच्याच वर्षी दोऱ्यावर मोठा वाद झाला. अमेरिकी सरकारच्या नव्या आहारविषयक मार्गदर्शिकेत फ्लॉसचा उल्लेख गळला, आणि एका वृत्तसंस्थेनं २५ अभ्यास तपासून पुरावा कमकुवत असल्याची बातमी दिली. 'फ्लॉस निरुपयोगी' असा तिचा अर्थ आपल्याकडच्या मोबाइलवरही फिरला. चाचण्या थोड्या आठवड्यांच्या किंवा महिन्यांच्या होत्या, दाताभोवतीचं हाड झिजायला वर्षं लागतात, आणि लोक दोरा चुकीचा वापरतात, हे त्या अर्थात नव्हतं. २००६ च्या एका आढाव्यात मुलांच्या दातांत शाळेच्या दिवसांत प्रशिक्षित माणसानं दोरा फिरवला तेव्हा किडीचा धोका ४० टक्क्यांनी घटला होता. मुलांनी स्वतः फिरवला तिथे फरक दिसला नाही. कॉक्रेन या वैद्यकीय पुराव्यांचे आढावे घेणाऱ्या संस्थेच्या २०१९ च्या आढाव्यानं ३५ चाचण्या तपासल्या: नुसत्या घासण्यापेक्षा जोडीला दोरा किंवा ब्रश असेल तर हिरडीची सूज कमी होऊ शकते, ब्रश दोऱ्यापेक्षा सरस ठरू शकतो, मात्र पुराव्याची खात्री कमीच.

दोऱ्याचं तंत्र असं. साधारण ४५ सेंमी लांबीचा तुकडा दोन्ही मधल्या बोटांना गुंडाळा, मध्ये दोन-तीन सेंमी मोकळा ठेवा. दात टेकतात तिथून करवतीसारखा पुढे-मागे हलवत हळू आत न्या. दाबून खटकन उतरवला तर तो थेट हिरडीचं टोक कापतो. आत गेल्यावर एका दाताला अर्ध्या कड्यासारखा वेढा, हिरडीच्या कडेखाली किंचित सरकवा आणि वर-खाली चार-पाच वेळा पुसा. मग हिरडीचं टोक न दुखावता त्यावरून उचलून शेजारच्या दाताला. इथे बहुतेक जण चुकतात: दोरा एकदा आत, एकदा बाहेर, संपलं. ते कोरणंच झालं, फक्त दोऱ्यानं. एकाच जागी दोरा वारंवार फाटत असेल तर दोऱ्याला दोष देऊ नका. तिथे भरलेल्या सिमेंटची कड बाहेर आलेली असते किंवा कीड असते. फार घट्ट दातांना १९९० च्या दशकात आलेला टेफ्लॉन जातीचा गुळगुळीत दोरा सहज उतरतो. ब्रिजखाली मात्र कडक टोक आणि मध्ये फुगीर भाग असलेला दोरा सुईसारखा ओवावा लागतो.

ब्रशची खरी गोम मापात आहे. तंतू दोन्ही बाजूंना हलके टेकले पाहिजेत, तार दाताला घासता कामा नये. जो जराही जोर न लावता जातो त्याच्यापुढचा मोठा लावून पाहा. अडला की आधीचा तुमचा. बहुतेक तोंडांत दोन किंवा तीन मापं लागतात, समोर बारीक, दाढांना जाड. रंगावर विसंबू नका. एका कंपनीचा लाल म्हणजे दुसरीचा लाल नव्हे, आणि काही पाकिटांवर नुसती तारेची जाडी छापलेली असते. आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ १६४०९ मध्ये ब्रश ज्या सर्वांत लहान छिद्रातून जातो त्याच्या व्यासावरून ० ते ७ असे क्रमांक ठरतात: क्रमांक १ साठी छिद्र ०.७ ते ०.८ मिमी, क्रमांक ४ साठी १.३ ते १.५ मिमी. पाकिटावर हा क्रमांक असेल तर कंपनी बदलली तरी माप चुकत नाही.

पेस्ट लावायची नाही. सरळ आत, पुढे-मागे दोन-चार वेळा, फिरवायचं नाही. मागच्या दाढांसाठी तोंड अर्धवट मिटलं की गाल सैल पडतो आणि वाट मिळते. ब्रशच्या मानेशी तार किंचित वाकवली तरी चालते. तार पहिल्याच दिवशी मोडली तर माप मोठं आहे किंवा कोन तिरका आहे. इम्प्लांटला प्लास्टिकचं आवरण असलेली तारच हवी. वापरल्यावर धुऊन उघड्यावर वाळवा, तंतू झडले की टाका. आठवडा-दोन आठवडे टिकतो.

पहिले काही दिवस रक्त येतं आणि इथेच बरेच जण सोडून देतात. ते रक्त सुजलेल्या हिरडीचं असतं, रोज सफाई झाली की साधारण आठवड्यानं थांबतं. दोन आठवड्यांनंतरही येत राहिलं तर कीटण काढून घ्यायला हवं. सूज उतरली की हिरडी आक्रसते, फट मोठी दिसते आणि ब्रशनं भोक पाडलं अशी तक्रार होते. भोक आधीचंच, सुजेनं झाकलेलं. तेव्हा महिन्याभरानं मापं पुन्हा तपासावीत; बहुधा एखाद्या फटीला एक क्रमांक मोठा लागतो.