ब्रूटस जोन्स नेमका कोणाचा? गिलपिनचा की रोबसनचा?

अमेरिकन नाटककार यूजीन ओनीलच्या 'द एम्परर जोन्स' या नाटकाबद्दल काही वाचायला घेतलं, की सोबतचा फोटो बहुतेक वेळा नट आणि गायक पॉल रोबसनचा असतो. लष्करी कोट, रुंद छाती, समोरच्याला जोखणारी नजर. साहजिकच वाटतं, हे नाटक उभं केलं ते यानंच. पण तो फोटो १९३३च्या चित्रपटातला. नाटक रंगभूमीवर आलं १ नोव्हेंबर १९२० रोजी. तेव्हा रोबसन बावीस वर्षांचा होता आणि न्यू यॉर्कमध्ये कायदा शिकत होता. नाटकाचा नायक ब्रूटस जोन्स पहिल्यांदा उभा करणारा नट दुसराच होता. त्याचं नाव चार्ल्स गिलपिन.

गोंधळ होतो याला कारणं आहेत. दोघेही आफ्रिकन-अमेरिकन, दोघांची भूमिका एकच आणि ती केली तेही न्यू यॉर्कच्या ग्रीनविच व्हिलेजमधल्या त्याच छोट्या प्रॉव्हिन्सटाउन प्लेहाउसमध्ये. कृष्णवर्णीयांच्या कर्तृत्वासाठी दिलं जाणारं स्पिंगार्न पदकही दोघांना मिळालं, गिलपिनला १९२१मध्ये आणि रोबसनला १९४५मध्ये. तरीही या दोन कारकिर्दी एका मापाच्या नाहीत.

आधी भूमिका काय होती ते पाहू. ब्रूटस जोन्स हा रेल्वेच्या शयनयान डब्यातला पोर्टर. खून करून, तुरुंगातून पळून तो कॅरिबियन समुद्रातल्या एका बेटावर पोचतो आणि तिथल्या लोकांना गुंडाळून सम्राट होऊन बसतो. लोक उठाव करतात तेव्हा रात्रीच्या जंगलात पळतो. नाटकाचे आठ प्रवेश, त्यातले मधले सहा जवळजवळ त्याच्या एकट्याच्या बोलण्यावर चालतात. पहिल्या प्रवेशाच्या शेवटी लांबून ढोल सुरू होतो. ओनीलनं रंगसूचनेत गतीसुद्धा लिहून ठेवली आहे, मिनिटाला ७२ ठोके, म्हणजे माणसाची साधी नाडी. मग ती गती वाढत वाढत जाते आणि शेवटपर्यंत ढोल थांबत नाही. जंगलात एकेक भूत समोर येतं, जोन्स गोळी झाडतो, अंगावरचे भरजरी कपडे फाटत जातात. शेवटी उरते ती चांदीची एकच गोळी.

ही भूमिका पेलायला तेव्हा नट कुठून आणायचा? गोऱ्या नटानं तोंडाला काळं फासून उभं राहायचं, ही तिथली सरधोपट रीत होती. गिलपिन तेव्हा बेचाळिशीला टेकलेला. रिचमंडमध्ये जन्मलेला, छापखान्यात काम शिकलेला. पोटासाठी न्हावीकाम केलेलं, लिफ्ट चालवलेली आणि रेल्वेत पोर्टर म्हणूनही राबलेला. म्हणजे जोन्सनं पूर्वी अंगावर चढवलेला गणवेश यानं खरोखर घातला होता. न्यू यॉर्कच्या हार्लेम या कृष्णवर्णीय वस्तीत लाफायेत प्लेयर्स या नाटकमंडळीबरोबर त्यानं नाटकं केली होती, १९१९मध्ये ब्रॉडवेवर लिंकनवरच्या नाटकात एक छोटी भूमिकाही केली होती. पण नाव झालं ते जोन्समुळे. डिसेंबरअखेर नाटक ब्रॉडवेवर गेलं आणि प्रयोगांची संख्या २०४वर पोचली.

त्याच हंगामात ड्रामा लीग या नाट्यसंस्थेनं अमेरिकन रंगभूमीसाठी सर्वाधिक काम केलेल्या दहा जणांमध्ये त्याची निवड केली. मग सत्काराच्या जेवणाला त्याला बोलवायचं की नाही, यावरून वाद पेटला. निवड करताना रंग आड आला नव्हता, ताट वाढताना मात्र आला! ओनीलनं इतर सत्कारमूर्तींना गाठून सांगितलं, त्याला बोलावणं नसेल तर तुम्हीही जाऊ नका. अखेर आमंत्रण गेलं आणि गिलपिन जेवायला गेला.

पुढे याच दोघांचं फाटलं. संहितेत काळ्या माणसासाठीची ती 'न'ची शिवी जागोजागी होती, जोन्सच्या स्वतःच्या तोंडीही. रोज रात्री ती उच्चारायचा गिलपिनला वीट आला आणि तो तिच्या जागी 'नीग्रो', 'कलर्ड मॅन' असे शब्द घालू लागला. ओनील भडकला. गिलपिनच्या पिण्याच्याही तक्रारी होत्या, त्या अगदीच खोट्या नसाव्यात. मला मात्र खरं भांडण मालकीचं वाटतं. हा माणूस मी घडवला, त्या आयरिश गृहस्थानं फक्त नाटक लिहिलं, असं गिलपिन म्हणायचा, ही आठवण प्रसिद्ध आहे. मे १९२४मध्ये नाटक पुन्हा आलं ते रोबसनला घेऊन आणि १९२५मध्ये लंडनला गेला तोही रोबसनच.

रोबसनची घडण निराळी. पाद्री बापाचा मुलगा. बाप गुलामगिरीतून पळून सुटलेला. हा रटगर्स कॉलेजात फुटबॉल गाजवलेला, कोलंबिया विद्यापीठाची कायद्याची पदवी घेतलेला, सव्वासहा फुटी गडी. गिलपिनला जोन्सपर्यंत पोचायला उभी उमेद खर्ची घालावी लागली. रोबसनसाठी ती पहिल्या काही पायऱ्यांपैकी एक होती. पुढे गाण्याचे कार्यक्रम, १९३०मध्ये लंडनला ऑथेल्लो, १९४३मध्ये ब्रॉडवेवर तोच ऑथेल्लो, २९६ प्रयोग. मग राजकीय मतांपायी १९५०मध्ये पासपोर्ट काढून घेतला गेला, तो आठ वर्षांनी परत मिळाला. १९५८मध्ये त्याची साठी आपल्याकडेही साजरी झाली. त्यासाठीच्या समितीचे प्रमुख होते मुंबई उच्च न्यायालयाचे तेव्हाचे मुख्य न्यायाधीश छागला.

गंमत म्हणजे शब्द रोबसननंही बदलले. 'ओल मॅन रिव्हर' हे गाणं गाताना जगण्याला थकण्याची, मरणाला भिण्याची ओळ काढून तो मरेपर्यंत लढत राहण्याची ओळ म्हणू लागला. तोवर तो स्वतःच्या मैफलींचा धनी झाला होता, भूमिका काढून घेणारा लेखक वर बसलेला नव्हता. त्या बदलासाठी आजही त्याचं कौतुक होतं.

चित्रपट पाहायचा झाला तर एक ध्यानात ठेवा, तो नाटकाची नुसती नक्कल नाही. डडली मर्फीच्या या चित्रपटात चर्च, रेल्वेचा डबा, जुगार, साखळदंडातले कैदी असा बराच भाग बेटाआधीचा आहे. नाटकाला सुरुवात होते ती थेट सम्राटाच्या महालात.

आणि या चित्रपटात गिलपिनला का घेतलं नाही, हा प्रश्न उद्भवत नाही. १९३०च्या मे महिन्यात, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी तो गेला होता. ओनीलनं मात्र १९४६मध्ये कबूल केलं, की आपल्या मनातलं पात्र जसंच्या तसं उभं करणारा नट एकच झाला, गिलपिन.

पडद्यावर त्याला पाहायचं तर १९२६चा 'टेन नाइट्स इन अ बाररूम' शिल्लक आहे. फिलाडेल्फियातल्या एका कंपनीनं कृष्णवर्णीय नटांना घेऊन काढलेला, दारूपायी घर उद्ध्वस्त होण्याची गोष्ट सांगणारा. त्यात गिलपिनचा चेहरा दिसतो, हात दिसतात, झुकलेले खांदे दिसतात. आवाज नाही. चित्रपट मूक आहे.