बर्न्स बायसन आणि बॉल्डविन बायसन: एकाच बेसची दोन नावं

काळी चकचकीत बॉडी, पुढे निघून आत वळलेली दोन शिंगं, तीन पिकअप (तारांचं कंपन टिपणारे चुंबकी भाग). साठच्या दशकातल्या ब्रिटिश बेस गिटारचं वेड असलेल्याला एवढं दिसलं तरी पुरतं: हा बायसन. घोळ होतो तो पिकगार्डवरचं, म्हणजे तारांखालच्या संरक्षक पत्र्यावरचं, नाव वाचल्यावर. एकावर ‘बर्न्स’ असतं, दुसऱ्यावर ‘बॉल्डविन’. मग कुणी म्हणतं बॉल्डविन ही बर्न्सची अमेरिकन नक्कल, तर कुणी म्हणतं छे, दोन्ही एकच, नुसती पाटी बदलली. पहिल्याचं साफ चूक, दुसऱ्याचं अर्धंच खरं. बॉल्डविन नक्कल मुळीच नव्हती, आणि पाटीखालचा बेससुद्धा सगळी वर्षं एकच राहिला नाही.

आधी बर्न्स. पन्नासच्या दशकात ब्रिटनमध्ये अमेरिकन वाद्यांच्या आयातीवर निर्बंध होते, ते १९५९ मध्ये उठले. तोवर स्किफल (घरगुती वाद्यांवर वाजवलं जाणारं लोकसंगीत) आणि रॉक अँड रोलने झपाटलेल्या पोरांना फेंडर ही अमेरिकन गिटार फक्त रेकॉर्डच्या कव्हरवर दिसायची. ही भूक ज्यांनी ओळखली त्यांच्यात जेम्स ऑर्मस्टन बर्न्स, म्हणजे जिम बर्न्स, सगळ्यात कल्पक होता असं माझं ठाम मत आहे. १९५९ मध्ये हेन्री वाइलबरोबर बर्न्स-वाइल या नावाने थोडी वाद्यं काढल्यावर त्याने एसेक्समध्ये स्वतःची कंपनी सुरू केली. त्याला फेंडरच्या संस्थापकावरून ‘ब्रिटिश लिओ फेंडर’ म्हणतात, पण मला ते अपुरं वाटतं. लिओ फेंडरचा ओढा सोपं, झटपट जुळणारं वाद्य बनवण्याकडे होता, तर जिमला प्रत्येक भागात काहीतरी नवं यंत्र बसवायचं असायचं.

बायसन गिटार पहिल्यांदा आली १९६१ मध्ये, चार पिकअप आणि बॉडीत चिकटवलेली नेक (तारांखालची लांब मान) घेऊन. ती महागडी होती आणि पन्नासच्या आसपासच निघाली. पुढच्याच वर्षी तीन पिकअप आणि स्क्रूने बसवलेली नेक असं सुटसुटीत रूप आलं, आणि त्याच घाटाचा बेसही. या बेसवर एक फिरता स्विच आहे. त्याच्या एका खुणेवर काय लिहिलंय? ‘वाइल्ड डॉग’. टोन निवडायच्या स्विचवर ‘जंगली कुत्रा’ छापणारा कारखानदार मला दुसरा माहीत नाही. या नावामागचा आवाज पातळ, नाकातला आणि चावरा असतो. पिकअपमधल्या तारेच्या दोन कॉइल उलट्या फेजमध्ये, म्हणजे एकमेकींच्या विरुद्ध, जोडल्या की खालचे सूर एकमेकांना खोडतात आणि वरची धार तेवढी उरते, त्या जातीचा. बेसमधून बेसच काढून टाकायचा, हे धाडसच.

जिमची खरी करामत मात्र नेकमध्ये दडलेली आहे. तारांच्या ताणाने नेक वाकते म्हणून आत लोखंडी ट्रस रॉड असतो. जुन्या फेंडरवर तो फिरवायचा तर तारा सैल करून अख्खी नेकच उचलावी लागायची. जिमने नेकच्या बुंध्यात छोटासा गिअरबॉक्स बसवला. किल्ली घालायची, थोडी फिरवायची, आतले दाते रॉड ओढतात, नेक जागची हलत नाही. इतकी साधी सोय, आणि तिच्यासाठी एवढं बारीक यंत्रकाम!

आता बॉल्डविन. ही अमेरिकेतल्या सिनसिनाटीची पियानो आणि ऑर्गन बनवणारी जुनी कंपनी. गिटारचा धंदा तेजीत होता आणि त्यांना त्यात उतरायचं होतं. आधी त्यांनी फेंडरवर बोली लावली, पण १९६५ च्या सुरुवातीला फेंडर सीबीएस या अमेरिकन प्रसारण कंपनीने नेली. मग त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बॉल्डविनने बर्न्स विकत घेतली. म्हणून हे पक्कं लक्षात घ्यायला हवं: १९६५ अखेरचा ‘बॉल्डविन’ बेस बनला एसेक्समध्येच, त्याच कारागिरांच्या हातून, त्याच सुट्या भागांतून.

याचा पुरावा पिकगार्डवरच सापडतो. कारखान्यात बर्न्सचं नाव कोरलेले पिकगार्ड तयार पडले होते. ते फेकून कोण देणार? जिथे ‘बर्न्स’ होतं तेवढा तुकडा कोरून काढला आणि त्या खाचेत ‘बॉल्डविन’ची पट्टी बसवली. अशा बेसवर नावाभोवती सांध्याची बारीक रेघ दिसते, तिरप्या उजेडात धरला तर अगदी स्पष्ट. ती रेघ दिसली की समजावं, हातात आहे तो बर्न्सच आहे.

खरा बदल १९६६ पासून सुरू झाला, आणि तो ओळखायला हेडस्टॉक, म्हणजे नेकच्या टोकाचं डोकं, बघावं. सुरुवातीच्या बायसनचं डोकं पसरट, ‘बॅटविंग’ म्हणतात तसं. १९६४ मध्ये द शॅडोज बँडसाठी बनलेल्या मार्विन गिटारवर आणि शॅडोज बेसवर जिमने व्हायोलिनसारखी कोरीव गुंडाळी आणली, आणि पुढे ती बायसनवरही आली. ही गुंडाळी हाताने कोरावी लागते, म्हणजे वेळ आणि पैसा. बॉल्डविनने ती चपटी केली. पिकअपही बदलून बार मॅग्नेट, म्हणजे पट्टीच्या चुंबकाच्या, प्रकारचे झाले. शिवाय स्वस्तातला ‘बेबी बायसन’ बॉल्डविनच्याच काळातला. पुढे भाग इंग्लंडमधून पाठवून जुळणी अमेरिकेत, आर्कान्सातल्या बूनव्हिलला होऊ लागली. १९७० मध्ये सगळंच थांबलं.

चपट्या डोक्याचा बॉल्डविन वाईट आहे का? अजिबात नाही. गिअरबॉक्स त्यातही आहे आणि शिंगांचा डौलही. पण सपाट केलेल्या त्या गुंडाळीकडे बघताना मला दर वेळी हळहळ वाटते, कारण तिथे कारागिराचा हात काढून घेतलेला डोळ्यांना दिसतो. बर्न्स नावाला बाजारात भाव जास्त मिळतो. म्हणूनच कोरीव गुंडाळीचा, सांध्याची रेघ असलेला सुरुवातीचा बॉल्डविन मिळाला तर मी दुसरा विचार करणार नाही. नाव सोडलं तर त्यात काहीच कमी नाही.

घेताना गिअरबॉक्स मात्र तपासाच. विकणाऱ्याला तुमच्यासमोर किल्ली फिरवायला सांगा, पण अगदी हलक्या हाताने. इतक्या वर्षांनी दाते अडकलेले किंवा झिजलेले असू शकतात, आणि जोर लावला तर तुटतात. त्याची दुरुस्ती पिकअपची तार नव्याने गुंडाळण्यापेक्षा किचकट.

उलटा घोळही होतो. ‘बर्न्स’ लिहिलंय म्हणजे साठच्या दशकातलाच, असं धरून चालू नका. सत्तरच्या दशकात जिम ‘बर्न्स यूके’ या नावाने परतला, नंतर आणखी एकदा स्वतःच्या नावाने. १९९२ मध्ये बॅरी गिब्सनने बर्न्स लंडन पुन्हा उभी केली आणि जिम तिचा सल्लागार होता. १९९८ मध्ये तो गेला. या नव्या कंपनीचे बायसनही निघाले, त्यातले स्वस्तातले आशियात बनलेले. वाजवायला ते छान आहेत, पण जुन्याच्या भावात कुणी देऊ लागलं तर आधी तो खरंच जुना आहे का हे तपासा.