हिमनदीच्या जागी आलेला उपसागर: त्लिंगितांची भूमी

अलास्काच्या आग्नेय टोकाला, कॅनडाच्या सरहद्दीला लागून, समुद्र आणि बर्फाच्छादित डोंगर यांच्यामध्ये जमिनीची एक अरुंद पट्टी आहे. तिच्या समोर लहानमोठी सुमारे ११०० बेटे आहेत आणि डोंगरांत दूरवर शिरलेल्या खोल, उभ्या कड्यांच्या खाड्या आहेत. उत्तरेला याकुटाटच्या पलीकडून दक्षिणेला पोर्टलंड कॅनॉल नावाच्या खाडीपर्यंतचा हा प्रदेश म्हणजे ‘लिंगीत आनी’, त्लिंगित लोकांची भूमी. ‘लिंगीत’ या शब्दाचा त्यांच्या भाषेतील अर्थ ‘माणूस’ असा आहे. येथे पाऊस अमाप पडतो, जंगल किनाऱ्याला येऊन भिडते आणि पायवाट फारशी कुठे जात नाही. एका गावाहून दुसऱ्या गावाला जायचे तर होडीनेच जावे लागते, त्यामुळे या लोकांच्या लेखी पाणी हीच हमरस्त्याची जागा आहे.

या भूमीचे जे विभाग होते, त्यांना ‘क्वान’ म्हणतात. या शब्दाच्या मुळाशी ‘राहणे, वस्ती करणे’ हे क्रियापद आहे. गणती कशी करावी यावरून आकडा थोडा बदलतो, पण साधारण सोळा ते वीस क्वान धरले जातात. उत्तरेला याकुटाट, डोंगरांच्या पायथ्याशी चिलकट आणि चिलकूट, आजच्या जुनो शहराच्या परिसरात आक आणि ताकू, बाहेरच्या समुद्राकडे सिट्का, बर्फाळ सामुद्रधुनीवर हूना, मध्यावर केक, नदीमुखाशी स्टिकीन आणि अगदी दक्षिणेला सान्या व टोंगास ही त्यांतली काही ठळक नावे आहेत. पुस्तकांत ही नावे रंगीत नकाशावर एकेका राज्यासारखी दाखवलेली असतात, आणि माझ्या मते वाचकाची पहिली दिशाभूल तिथेच होते. क्वान हे राज्य नव्हते, त्याला एक राजा नव्हता आणि क्वान म्हणून त्याची जमीनही नव्हती. अमुक माणूस कुठला, एवढेच क्वान सांगतो. जमीन कोणाची, हे कुळावरून ठरते.

सगळा समाज दोन भागांत विभागलेला आहे. एक भाग डोमकावळ्याचा आणि दुसरा उत्तरेत गरुडाचा, तर दक्षिणेत लांडग्याचा म्हणून ओळखला जातो. प्रत्येक भागात अनेक कुळे आहेत आणि लग्न नेहमी समोरच्या भागातील व्यक्तीशीच करायचे, असा नियम होता. मुलाचे कूळ आईचे असते, त्यामुळे बाप आणि मुलगा नेहमीच वेगवेगळ्या भागांत पडतात आणि मुलाला वारसा मिळतो तो मामाकडून. प्रत्येक कुळाची स्वतःची चिन्हे असतात. सिट्काच्या किक्सादी कुळाचे चिन्ह बेडूक आहे, तर अंगूनच्या देशीतान कुळाचे बीव्हर. आपल्याकडच्या देवकाशी याचे थोडे साम्य वाटेल, पण त्लिंगितांकडे चिन्हावरची मालकी फार काटेकोर असते. चिन्ह, ते मिळाल्याची कथा, त्या कथेतले गाणे आणि ती घडली ती जागा, हे सारे मिळून कुळाची ठेव होते आणि दुसऱ्या कुळाने ती परवानगीवाचून वापरायची नसते. सॅमन मासे चढून येतात तो ओढा, मासेमारीचा उथळ पट्टा, बोरांचा उतार यांनाही असेच मालक होते. कागवानतान हे एकच कूळ सिट्का, हूना आणि चिलकट अशा अनेक क्वानांत पसरलेले असल्याने एका रंगाच्या नकाशात हे बसणे शक्यच नाही.

क्वानांमधला फरक मात्र खरा होता आणि तो निसर्गानेच घातलेला होता. ज्यातून मोठ्या होड्या कोरता येतात तो तांबडा सीडर फक्त दक्षिणेकडे वाढतो, त्यामुळे उत्तरेकडचे लोक स्प्रूसच्या लहान होड्या करीत आणि मोठ्या होड्या दक्षिणेकडून, विशेषतः शेजारच्या हायडा लोकांकडून घेत. अॅडमिरल्टी, बॅरनॉफ आणि चिचागॉफ या तीन मोठ्या बेटांवर तपकिरी अस्वले आहेत, पण काळी अस्वले आणि लांडगे नाहीत. दक्षिणेकडच्या प्रिन्स ऑफ वेल्स बेटावर नेमके उलटे आहे. अॅडमिरल्टी बेटाचे त्लिंगित नाव ‘खुत्सनूवू’, म्हणजे तपकिरी अस्वलांचा गड, हे त्यामुळे प्राणिशास्त्राच्या दृष्टीनेही अचूक ठरते. डोंगरी बकरा मुख्य भूमीचा, म्हणून त्याच्या लोकरीची आणि पिवळ्या सीडरच्या सालीची प्रसिद्ध चिलकट वस्त्रे मुख्य भूमीवरच्या लोकांच्या नावाने ओळखली जातात. सिट्काजवळ वसंत ऋतूत हेरिंग मासे अंडी घालायला येतात. तेथील लोक हेमलॉकच्या फांद्या पाण्यात सोडून ठेवतात आणि अंड्यांचे दाट थर चिकटले की त्या वर काढतात. ही अंडी दूरदूरच्या क्वानांपर्यंत जात. ज्याच्याकडे जे नाही, ते दुसऱ्याकडून आणावेच लागे.

आता हूना क्वानाकडे जरा सावकाश पाहू, कारण तिथे भूमीच हलली. ज्याला आज ग्लेशियर बे म्हणतात, तिथे तीनशे वर्षांपूर्वी उपसागर नव्हता. हिमनदीच्या पुढे गाळाचे मैदान होते, त्यातून सॅमनने भरलेली नदी वाहत होती आणि तिच्या काठी चूकनेदी आणि इतर कुळांची घरे होती. कथा अशी सांगतात, की कास्तीन नावाची वयात आलेली मुलगी रिवाजाप्रमाणे पडद्याआड एकांतात बसवली होती. कंटाळून तिने पडद्याची कड उचलली आणि कुत्र्याला खाऊ दाखवून बोलवावे तशी हिमनदीला हाक मारली. मग बर्फ गावावर चालून येऊ लागला. होड्या भरल्या गेल्या, लोक निघाले, पण एक स्त्री घरातच राहिली. काही कथनांत ती कास्तीन आहे. काहींत तिची आजी तिच्या जागी बसते आणि सांगते, की मी म्हातारी झाले, हिला अजून मुले होतील, हिला घेऊन जा. कूळ आईकडून चालते, हे लक्षात घेतले तर आजीच्या बोलण्याचा भार कळतो. बर्फाने घर समुद्रात ढकलले तेव्हाचा शोक चूकनेदींच्या गाण्यांत आहे आणि त्या बर्फावर, त्या जागेवर आपला हक्क आहे असे ते मानतात, कारण त्याची किंमत एका माणसाने मोजलेली आहे.

भूशास्त्रज्ञांनी या परिसरात गाळाखाली गाडले गेलेले झाडांचे बुंधे शोधले आणि त्यांतील कार्बनवरून त्यांचे वय काढले. खाडीच्या तळाचा गाळही तपासला. त्यांतून निघालेले चित्र कथेशी जुळते: ‘लघु हिमयुगा’च्या काळात, अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात, बर्फ मैदानावरून वेगाने पुढे सरकला आणि १७५० च्या सुमारास खाडीच्या तोंडापर्यंत पोहोचला. १७९४ मध्ये ब्रिटिश दर्यावर्दी जॉर्ज व्हँकुव्हरच्या मोहिमेतील खलाशी तिथे आले तेव्हा किनाऱ्याला फक्त आठेक किलोमीटरची खाच होती आणि तिच्या टोकाला बर्फाची भिंत उभी होती. निसर्गलेखक जॉन म्यूर १८७९ मध्ये त्लिंगित सोबत्यांच्या होडीतून आला, तोवर बर्फ पन्नास किलोमीटरच्या आसपास मागे हटला होता. आज तिथे शंभर किलोमीटरहून लांब खाडी आहे. बर्फाचा भार उतरल्याने तिथली जमीन अजून वर उचलली जात आहे, काही ठिकाणी वर्षाला सुमारे तीन सेंटिमीटर, आणि खाडीच्या तोंडाशी एकेकाळी भरतीचे पाणी जिथे येत असे तिथे आता गवत आहे.

या सगळ्या घडामोडी नावांत नोंदल्या गेल्या आहेत. मैदान होते तेव्हा त्याचे नाव ‘से शुयी’, म्हणजे हिमनदीच्या गाळाची कड. बर्फाचे तुकडे तरंगू लागले तेव्हा ‘खात्ल तू’, म्हणजे बर्फामध्ये. आणि नंतर ‘सीत ईती गेयी’, हिमनदीच्या जागी आलेला उपसागर. एकाच जागेची ही तीन नावे लागोपाठ वाचली तर तीन शतकांचा भूगोल समोर येतो. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संकलनात अशी ३००० हून अधिक स्थलनावे एकत्र केलेली आहेत. विस्थापित झालेले लोक दक्षिणेला सामुद्रधुनीपलीकडे वसले. त्या वस्तीचे नाव ‘खुनिया’, म्हणजे उत्तरेच्या वाऱ्याच्या आडोशाला, आणि हूना हे त्याचेच आजचे रूप आहे.

चिलकटांचे बळ वेगळ्या गोष्टीत होते: घाटांत. किनाऱ्यावरून आतल्या पठारावर जाणाऱ्या मोजक्या खिंडी त्यांच्या आणि चिलकूटांच्या ताब्यात होत्या. युलाकन नावाचा छोटा मासा इतका तेलकट असतो, की वाळवल्यावर मेणबत्तीसारखा जळतो. त्याचे तेल पेट्यांत भरून हे लोक पाठीवरून घाटमाथ्यापलीकडे नेत आणि आतल्या लोकांकडून कातडी व केसाळ चामडी आणत. १८४८ मध्ये हडसन्स बे कंपनीने युकॉन नदीवर फोर्ट सेलकर्क येथे ठाणे मांडून हा व्यापार परस्पर सुरू केला, तेव्हा १८५२ मध्ये चिलकटांनी शेकडो किलोमीटर चालून जाऊन ते ठाणे लुटले. त्या मोहिमेत असलेला कोहक्लक्स पुढे प्रमुख झाला. ७ ऑगस्ट १८६९ चे खग्रास सूर्यग्रहण पाहायला जॉर्ज डेव्हिडसन हा अमेरिकी सर्वेक्षक क्लुकवान या चिलकट गावी आला, तेव्हा कोहक्लक्सने आपल्या दोन बायकांसह दोन-तीन दिवस खपून त्याला त्या वाटेचा नकाशा काढून दिला. कागदावर नद्या, सरोवरे आणि डोंगरांच्या आकृती आहेत आणि त्यांवर शंभरहून अधिक त्लिंगित नावे लिहून घेतलेली आहेत. अंतरे तिथे मुक्कामांच्या हिशेबाने मोजलेली आहेत, आणि चालणाऱ्याला तोच हिशेब उपयोगी पडतो.

याच व्यापाराच्या आणि लग्नसंबंधांच्या वाटेने त्लिंगित भाषा डोंगरांपलीकडे गेली. कॅनडातील अॅटलिन, टेस्लिन आणि कारक्रॉसच्या बाजूचे लोक आज अंतर्गत त्लिंगित म्हणून ओळखले जातात. ‘आ त्लेन’, मोठे सरोवर, यावरून अॅटलिन हे नाव आले. याकुटाटकडे त्लिंगितांनी ईयाक भाषिकांना आपल्यात सामावून घेतले, तर दक्षिणेत प्रिन्स ऑफ वेल्स बेटाचा काही भाग हायडांकडे गेला आणि तिथल्या हायडा गावांची त्लिंगित नावे तेवढी राहिली. सीमा दोन्ही बाजूंनी सरकत होत्या.

भाषेच्या अभ्यासकांना सर्वांत मोलाचे ठरले ते दक्षिण टोकाचे टोंगास क्वान. इतर त्लिंगित बोलींत शब्दाचा अर्थ सुराच्या चढउतारावर अवलंबून असतो. टोंगास बोलीत सूर नव्हता. त्याजागी काही स्वर कंठात अडकवून तोडले जात आणि काही श्वासात विरत जात. सूर कशातून जन्मतो, याची ही जुनी पायरी इथे जिवंत राहिली होती. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, बोलणारे अगदी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले असताना, ती नोंदवली गेली.

अमेरिकेने १८६७ मध्ये रशियाला ७२ लाख डॉलर देऊन अलास्का घेतला, तेव्हा या ओढ्यांच्या मालकांना कोणी विचारले नव्हते. १९०७ मध्ये यांतला बहुतेक भाग टोंगास राष्ट्रीय वन झाला. १९४६ मध्ये सरकारने मानववंशशास्त्रज्ञ वॉल्टर गोल्डश्मिट आणि वकील थिओडोर हास यांना गावोगाव पाठवून कोणती जागा कोणाची होती याच्या साक्षी नोंदवून घेतल्या. वृद्धांनी ओढ्यांची नावे घेऊन घेऊन साक्षी दिल्या. गेलेल्या जमिनीबद्दल सरकारवरचा दावा त्याआधीच, १९३५ च्या कायद्याने उभा राहिला होता. १९६८ मध्ये न्यायालयाने त्लिंगित आणि हायडांना ७५ लाख डॉलर भरपाई दिली.

ग्लेशियर बे १९२५ मध्ये राष्ट्रीय स्मारक आणि १९८० मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले. संरक्षणाच्या नियमांमुळे हूनाच्या लोकांना तिथल्या बेटांवर करड्या-पांढऱ्या सागरी पक्ष्यांची अंडी गोळा करण्यास मनाई झाली. संशोधकांनी जुन्या जाणत्यांना विचारले तेव्हा नियम समजला: घरट्यात एक किंवा दोन अंडी असतील तर घ्यायची, तीन असतील तर हात लावायचा नाही. ही मादी घरटे तीन अंड्यांनी भरेपर्यंत अंडी घालत राहते, पहिली गेली तर पुन्हा घालते. तीन झाली म्हणजे उबवणे सुरू झाले असण्याची शक्यता असते. २०१४ मध्ये कायदा करून या गोळा करण्याला वाट मोकळी करून दिली गेली. दोन वर्षांनी, २५ ऑगस्ट २०१६ रोजी, हूनाचे लोक कोरीव होड्या वल्हवत खाडीत आले आणि किनाऱ्यावर बांधलेल्या ‘खुना शुका हीत’ या पूर्वजांच्या घरात शिरले. हिमनदीने गावे गिळल्यानंतर त्या काठावर उभे राहिलेले हे त्यांचे पहिले कुळघर होते.