सोनोग्राफी नॉर्मल, तरी पोट दुखतंय? दुर्बिणीच्या तपासणीविषयी

‘पाळीत थोडंफार दुखायचंच’ हे बहुतेकींनी ऐकलेलं असतं. पण दर महिन्याला अंथरूण धरावं लागत असेल, संबंधांच्या वेळी किंवा शौचाला बसल्यावर कळ येत असेल, तर ते थोडंफार नाही. सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणून दुखणं खोटं ठरत नाही.

एंडोमेट्रिओसिसमध्ये गर्भपिशवीच्या अस्तरासारख्या पेशी पिशवीबाहेर रुजतात. अंडाशयात त्यांची गाठ झाली असेल तर ती सोनोग्राफीत सहसा दिसते. पोटाच्या आतल्या आवरणावरचे काही मिलिमीटरचे डाग आणि एकमेकांना चिकटलेले अवयव मात्र अनेकदा नजरेतून सुटतात. लॅपरोस्कोपीत, म्हणजे छोट्या छेदातून पोटात दुर्बीण घालून केलेल्या तपासणीत, डॉक्टर ते प्रत्यक्ष पाहतात, शंका आली तर तुकडा काढून बायॉप्सीला पाठवतात. मूल राहत नसेल तर गर्भाशयाच्या मुखातून निळा रंग सोडून नलिका मोकळ्या आहेत का, हेही त्याच वेळी कळतं.

तरीही ही पहिली तपासणी नव्हे. आधी तुमची हकीकत, तपासणी, सोनोग्राफी, गरज पडल्यास एमआरआय. अनेकदा गोळ्यांनीच आराम पडतो. अंडाशयाला पीळ पडल्याची शंका असेल तर मात्र थांबून चालत नाही.

तपासणी पूर्ण भूल देऊन, उपाशीपोटी होते. बेंबीपाशी साधारण 1 सेंटिमीटरचा छेद घेऊन पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात, म्हणजे आतडी बाजूला होऊन जागा मिळते. नुसतं पाहायचं असेल तर बहुधा अर्ध्या-पाऊण तासाचं काम असतं आणि बऱ्याचजणी त्याच दिवशी घरी जातात. नंतर दोन-तीन दिवस खांदा दुखला तर घाबरू नका. उरलेला वायू पोट आणि छातीमधल्या पडद्याला डिवचतो, आणि त्या पडद्याची नस मानेतून येत असल्याने कळ खांद्यात जाणवते. ताप, सतत उलट्या किंवा वाढत जाणारी पोटदुखी असेल तर मात्र लगेच फोन करा. आतड्याला, मूत्राशयाला किंवा रक्तवाहिनीला इजा होणं क्वचितच घडतं, पण घडू शकतं.

कधी आत काहीच सापडत नाही. तेव्हाही वेदना खरीच असते. स्नायू, नसा, आतडी, मूत्राशय यांतून ती येत असू शकते आणि शोध पुढे चालू ठेवायचा असतो.

संमतीपत्रावर सही करण्याआधी एक प्रश्न जरूर विचारा: आत काही दिसलं तर त्याच भुलेत उपचार करणार, की नुसतं पाहून बाहेर येणार? उत्तर कागदावर लिहून घ्या.