कुत्र्याला हाड द्यावं का? वादामागची गोष्ट

कुत्रा आणि हाड ही जोडी आपल्याकडे फार जुनी. मांसाचा लवलेश नसलेलं हाड मिळालं तरी कुत्रा हरखून जातो, भूक मात्र भागत नाही, असं भर्तृहरीने नीतिशतकात लिहून ठेवलंय. कीर्तनातला दृष्टांत तर आणखी पुढे जातो. कुत्रा वाळकं हाड चघळतो, त्याच्याच हिरडीतून रक्त येतं आणि ते हाडातूनच येतंय अशा समजुतीने तो चाटत राहतो. हा दृष्टांत रचणाऱ्याने कुत्रा नीट बघितलेला होता. म्हणजे हाडाने तोंड सोलवटतं हे माहीत होतं, पण त्यासाठी वैद्य बोलवायची पद्धत नव्हती. ‘आमच्या वाड्यावरची कुत्री हाडं खाऊनच जगली’ असं आजही ठासून सांगितलं जातं. जी मेली त्यांचं पोट उघडून कोणी पाहिलं नव्हतं, एवढंच.

धोक्याचं खरं कारण मात्र एका भांड्याच्या गोष्टीत सापडतं. 1679 मध्ये दनी पापँ या फ्रेंच संशोधकाने लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे घट्ट झाकणाचं एक भांडं मांडलं. आपल्या प्रेशर कुकरचा हा पूर्वज. त्यात वाफेच्या दाबाखाली हाडं इतकी मऊ व्हायची की बोटांनी चुरा व्हावा, आणि वर पोटभरीची जेली मिळायची. ही जेली गरिबांच्या पोटात जावी अशी कल्पना होती. तेव्हा म्हणे राजा दुसऱ्या चार्ल्सकडे कुत्र्यांच्या नावाने एक अर्ज गेला: हाडं हा आमचा पिढीजात हक्क, तो काढून घेऊ नये! चेष्टाच ती, पण पुढच्या सगळ्या वादाचं मूळ त्या भांड्यात होतं.

हाडाच्या वजनात साधारण दोन तृतीयांश खनिज आणि उरलेलं बहुतेक कोलॅजन नावाचं प्रथिन. हाडाला चिवटपणा येतो तो कोलॅजनमुळे. शिजवलं की कोलॅजनचं जिलेटिन होऊन रश्शात उतरतं. पाया सूप प्यायल्यावर ओठ चिकटतात ते यामुळेच. मागे उरलेलं हाड ठिसूळ होतं. कच्चं हाड दाबाखाली थोडं वाकतं, चेचलं जातं. शिजवलेलं किंवा भाजलेलं तडकतं आणि त्याच्या टोकदार चिपा निघतात. त्यातही तंदुरीत भाजून कोरडी झालेली तंगडी सगळ्यात वाईट.

जिलेटिनवर कोणी जगू शकतं का, हा प्रश्न पॅरिसमध्ये पुढे बराच गाजला. तिथे हाडांचं सूप इस्पितळांतून वाटलं जात होतं. फ्रांस्वा माजांदी या फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञाच्या समितीने कुत्र्यांवर प्रयोग केले आणि 1841 च्या अहवालात सांगितलं की नुसत्या जिलेटिनवर कुत्रं तग धरत नाही.

मग बाजार आला. जेम्स स्प्रॅट हा अमेरिकेतून इंग्लंडला गेलेला विक्रेता. गोदीतली कुत्री जहाजावरची कडक बिस्किटं खाताना त्याने पाहिली, अशी कथा आहे, आणि 1860 च्या सुमारास त्याने कुत्र्यांची बिस्किटं विकायला काढली. तोवर कुत्र्याचं जेवण म्हणजे घरातलं उरलंसुरलं. 1908 मध्ये न्यूयॉर्कच्या एका बेकरी कंपनीने बिस्किटाला थेट हाडाचा आकार दिला, तेच पुढे ‘मिल्क-बोन’ म्हणून खपलं. हाड नको, हाडाच्या आकाराचं बिस्किट घ्या! 1957 मध्ये प्युरिना या अमेरिकी कंपनीचं फुगवलेलं कोरडं खाद्य आलं आणि शिळंपाकं देणं हा हळूहळू निष्काळजीपणा ठरू लागला. यात धंदा होताच, पण नुसता धंदा नव्हता. वाढत्या पिल्लाला कॅल्शियम आणि फॉस्फरस ठरावीक प्रमाणात लागतं, ते मोजून मिळायची सोय झाली.

त्याची प्रतिक्रिया ऑस्ट्रेलियात उमटली. इयान बिलिंगहर्स्ट या पशुवैद्याने 1993 मध्ये पुस्तक लिहून कच्च्या, मांसल हाडांची बाजू मांडली. कच्च्या आहाराची जी लाट आज पुण्या-मुंबईच्या श्वानप्रेमींपर्यंत पोचलीय, तिचा मोठा झरा हाच. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने, 2010 मध्ये उलट टोक गाठलं: कुठलंच हाड सुरक्षित नाही. 2017 मध्ये त्यांनी पाकिटातल्या भाजलेल्या, धुरावलेल्या हाडांविषयी इशारा दिला. त्यांच्याकडे सुमारे 68 तक्रारी आल्या होत्या, त्यांत 90 च्या आसपास कुत्री होती आणि 15 मेली होती. किती कुत्र्यांनी ही हाडं खाल्ली आणि काही झालं नाही, हे मात्र या आकड्यांतून कळत नाही.

दवाखान्यात दिसणारे प्रकार ठरलेले आहेत. कापलेल्या नळीचं कडं खालच्या सुळ्यांमागे जबड्यात अडकतं, आणि कुत्रा पंजाने तोंड ओरबाडत बसतो. वरच्या मोठ्या दाढेचा कपचा उडतो. तुकडा हृदयाजवळ अन्ननलिकेत रुततो. किंवा नुसताच पांढरा, खडूसारखा मळ आणि कुंथणं. मोठं कच्चं हाड कुरतडल्याने दातांवरचं कीटण कमी होतं हेही खरं, बीगल कुत्र्यांवरच्या प्रयोगात ते दिसलंय.

आपल्याकडे फरक पडला तो ब्रॉयलरने. जत्रेला किंवा रविवारी मटण, हा हिशेब मोडून चिकन रोजचं झालं आणि कुत्र्यापुढे पडणारं हाड बारीक, पोकळ आणि शिजलेलं झालं. मग काही घरांनी त्यावर उपाय म्हणून कच्च्या माना द्यायला सुरुवात केली. मेलबर्न विद्यापीठाच्या पशुवैद्यांनी 2018 मध्ये दाखवलं की कच्चं चिकन खाणाऱ्या कुत्र्यांत पाय लुळे पाडणाऱ्या मज्जातंतूंच्या एका विकाराची शक्यता बरीच जास्त असते. त्यांचा मुख्य संशय कॅम्पिलोबॅक्टर या जंतूवर आहे, आणि त्यांनी बोट ठेवलं ते नेमकं कोंबडीच्या कच्च्या मानेवर.