पाच किलोमीटर म्हणजे किती मिनिटं?

"दवाखाना पाचच किलोमीटरवर आहे," असं सपाटीवरच्या पाचोऱ्याकडचा माणूस म्हणाला तर ठीक आहे. सातपुड्याच्या डोंगरातल्या धडगावच्या पाड्याबद्दल कुणी हेच म्हटलं की माझं डोकं फिरतं. नकाशावर दवाखान्याभोवती कंपासने वर्तुळ काढायचं आणि आतले सगळे 'सोयीत' धरायचे! त्या वर्तुळाला सातपुडा दिसतच नाही. सरकारी निकषही लोकसंख्येचा: सपाटीवर ३०,००० लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, डोंगराळ-आदिवासी भागात २०,००० मागे. चालायला किती वेळ लागेल, हे त्यात कुठे येतं?

म्हणून किलोमीटर सोडून मिनिटं मोजायची. जमिनीचे ३० मीटरचे चौकोन पाडायचे. त्यांची उंची आयती मिळते. २००० साली एंडेव्हर या अंतराळयानाने ती रडारने मोजून ठेवली आहे. आता माझी आवडती गोष्ट. वाल्डो टॉब्लर या भूगोलतज्ज्ञाने १९९३ मध्ये चालण्याच्या वेगाचं सूत्र मांडलं. सपाटीवर ताशी सुमारे ५ किलोमीटर. शंभर मीटरला वीस मीटर चढ असेल तर अडीच. तेवढाच उतार असेल तर साडेतीन, कारण उतरतानाही पाय रोवावे लागतात. सर्वांत जास्त वेग, ताशी ६, अगदी हलक्या उतारावर. म्हणजे सपाटीवर एक चौकोन २१ सेकंदांत, चढावर ४३ सेकंदांत.

मग दवाखान्याच्या चौकोनापासून वणव्यासारखं पसरत जायचं. ज्या चौकोनाला सर्वांत कमी वेळ लागतो, तो आधी पेटवायचा. ही संगणकशास्त्रज्ञ डायक्स्ट्राची १९५९ ची रीत. पण माणूस पाड्याकडून दवाखान्याकडे येतो आणि आपण मोजतोय उलटं. त्यामुळे पसरताना प्रत्येक पावलाला चढाचा उतार आणि उताराचा चढ करावा लागतो. हे विसरलं तरी नकाशा छान रंगीत येतो, फक्त तो घरी परतणाऱ्या माणसाचा असतो. रंग बघून भुलू नये ते यासाठी.

लोक आधी भगताकडे जातात म्हणून आपण अंधश्रद्धेच्या नावाने बोटं मोडतो. अंगारा-धुपाऱ्याने ताप उतरत नाही, हे खरंच. पण भगत त्याच पाड्यात, शून्य चौकोनांवर असतो.

शिवाय टॉब्लरचा माणूस मोकळ्या हातांनी चालतो. इथे बाळंतिणीला झोळीत घालून चौघे निघतात. नर्मदेवरच्या धरणाच्या फुगवट्याकाठी बोट अँब्युलन्स आहे, तिथे पाण्याच्या चौकोनांना बोटीचा वेग द्यायचा. आणि जुलैत नाल्याला पूर आला की नाल्याचे चौकोन बंद करून सगळं गणित पुन्हा चालवायचं.