कमान शंभरापर्यंत का पोचत नाही?

सायमन विलिसन हे प्रोग्रामर २०२४ पासून नव्या नव्या भाषा-मॉडेलना एकच काम सांगत आलेत: सायकल चालवणारा पेलिकन पक्षी काढ, आणि तोही एसव्हीजी या चित्र शब्दांत-आकड्यांत लिहायच्या पद्धतीत. ती चित्रं पाहिली की बहुतेकांना प्रश्न पडतो, निबंध लिहिणाऱ्या मॉडेलला साधी सायकल का जमू नये? चित्रं काढणारं एआय तर केव्हाच आलंय की!

आलंय, पण ते काम वेगळं. फोटोसारखी चित्रं बनवणारी मॉडेल रंगांचे लाखो ठिपके, म्हणजे पिक्सेल भरतात. एसव्हीजीत चित्र हा मजकूर असतो: या बिंदूवर पेन टेक, तिथपर्यंत रेघ ओढ, इथून तिकडे वळ. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने २००१ मध्ये मान्य केलेलं हे मानक. असं चित्र कितीही मोठं केलं तरी कडा फाटत नाहीत, कारण ब्राउझर ते आकडे वाचून दर वेळी नव्याने रेखाटतो. भाषा-मॉडेल मजकूर लिहितं, म्हणून ते एसव्हीजीही लिहू शकतं. फक्त कागदाकडे न बघता. डोळे मिटून नुसते आकडे सांगायचे आणि समोरच्याकडून रांगोळी काढून घ्यायची, तसं.

सरळ रेघांपर्यंत हे निभतं. खरी गंमत वळणांची आहे, आणि तिथे मला थोडं थांबायचंय.

१९५९ मध्ये सिट्रोएन या फ्रेंच मोटार कंपनीत पॉल द कास्तेल्जो या गणितज्ञाने गाडीच्या पत्र्याची वळणं आकड्यांत पकडायची रीत शोधली. कंपनीने ती गुपित ठेवली. पुढे रेनोमधले इंजिनिअर पिएर बेझिए वेगळ्या वाटेने तिथेच पोचले आणि त्यांनी ती प्रसिद्ध केली, म्हणून वक्राला नाव लागलं बेझिएंचं.

आलेखाचा कागद घ्या. चार बिंदू मांडा: अ (०, ०), ब (०, १००), क (१००, १००), ड (१००, ०). अ पासून ड पर्यंत कमान काढायची आहे. ब आणि क हे नियंत्रक बिंदू. ठिपक्यांच्या रांगोळीत रेघ ठिपक्याला धरून जाते. इथे कमान ब आणि क ला शिवतही नाही, ते तिला लांबून आपल्याकडे खेचतात.

आता अब, बक, कड या तिन्ही रेघांचे मध्यबिंदू घ्या: (०, ५०), (५०, १००), (१००, ५०). ते ओळीने जोडा. मिळालेल्या दोन रेघांचे मध्यबिंदू (२५, ७५) आणि (७५, ७५). तेही जोडा आणि त्या एकाच रेघेचा मध्य घ्या: (५०, ७५). हा कमानीचा माथा. शेवटची रेघ तिथली स्पर्शिकाही असते. मध्याऐवजी दर वेळी एक तृतीयांश अंतर धरलं, एक दशांश धरलं, की कमानीवरचे बाकीचे बिंदू मिळत जातात. सातवी-आठवीतल्या भूमितीपलीकडे काही लागत नाही, आणि मोटारीचं बॉनेट तयार होतं!

बीजगणितात मांडायचं तर माथा म्हणजे (अ + ३ब + ३क + ड) भागिले ८. हे १, ३, ३, १ पास्कलच्या त्रिकोणातले, आपल्या छंदशास्त्रातल्या मेरुप्रस्तारातले. अ आणि ड ची उंची शून्य, ब आणि क ची १००; म्हणून ६०० भागिले ८, म्हणजे ७५.

मॉडेल चुकू शकतं ते नेमकं इथे. कमान १०० उंच हवी म्हणून त्याने नियंत्रक बिंदू १०० वर ठेवले, तर कमान ७५ वरच वळते. १०० गाठायचे तर ते १३३ च्या जरा वर हवेत. कागद दिसत असता तर हे एका नजरेत कळलं असतं.

तुम्ही आत्ता वाचताय ती अक्षरंही बहुधा अशाच वक्रांची आहेत. ‘ठ’चा गोल घ्या. तो अगदी वर्तुळाकार धरला आणि चार बेझिए तुकड्यांत काढला, तर त्रिज्या १०० असताना नियंत्रक बिंदू प्रत्येक टोकापासून ५५.२३ वर ठेवतात. मग खऱ्या वर्तुळापासून फरक त्रिज्येच्या ०.०३ टक्क्यांहूनही कमी. सोपं म्हणून ५० धरलं, तर तुकड्याच्या मध्यावर त्रिज्या ९७.२ भरते आणि ठ चेपलेला दिसतो.

मग मॉडेलने हे आकडे सांभाळायचे कसे? एक वाट एजंटची. एजंट म्हणजे एका उत्तरावर न थांबता साधन वापरणारं, निकाल बघून पुढचं पाऊल ठरवणारं मॉडेल. त्याला आकृत्या काढायचं साधन देणं म्हणजे कंपासपेटी हातात देणं. वर्तुळासाठी एसव्हीजीत वेगळी आज्ञा आहेच, त्यामुळे नुसत्या चाकांसाठी साधन लागत नाही. ते लागतं जोडणीला. मॉडेलने सांगायचं, ‘चिमट्याचं खालचं टोक पुढच्या चाकाच्या केंद्राला जोड’, ‘हँडलची कमान या तीन बिंदूंतून जाऊ दे’. १३३ चा हिशेब साधा प्रोग्राम करतो, तोही न चुकता. मग चित्र पिक्सेलमध्ये उतरवून मॉडेलला परत दाखवतो. मॉडेलची नजर बारीक फटी चुकवते, म्हणून चांगलं साधन सोबत आकडेही देतं: अमुक टोक केंद्रापासून इतकं दूर राहिलंय.

‘एआयला कलादृष्टी आली, चित्रकार संपले’ असे संदेश फिरतात, त्यांचा मला राग येतो. चिमटा चाकावर नीट बसतो तो भूमितीमुळे, त्यात साक्षात्कार कुठलाच नाही.

मी अशा साधनासह एका मॉडेलकडून सायकल आणि पेलिकन काढून घेतला. पहिल्या फेरीत चिमटा चाकाशेजारी लोंबत होता, आरे चाकाबाहेर गेले होते. दुसऱ्या फेरीत दोन्ही जागेवर बसले, हँडलही नीट वळलं. चोच मात्र बदकाचीच राहिली. पेलिकनच्या चोचीखालची पिशवी कुठून सुरू होते आणि किती लोंबते, हे मॉडेलने सांगितलंच नव्हतं, आणि साधनाने ते विचारलं नव्हतं.